लोर्वालकरीण

तिला लोर्वालकरीण हे नाव मी दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत आता त्याबद्दल कुणी बोलत नाही, पण विसरलंही कुणी नाही.

त्रुआ शहरात, कातडी कमावणाऱ्यांच्या ओढ्यामागं आमची गल्ली. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावरच्या संत मार्टिनच्या सणाआधीच बर्फ पडलं होतं. सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक बाई उभी. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला गोणपाट गुंडाळलेलं. काम आहे का म्हणाली. लोकर विंचरायला मला माणूस हवंच होतं.

"नाव काय गं?"

"ओदलीन."

मला हसू आलं. "आणखी एक? या गल्लीत दोन आहेत. एक पाववाली ओदलीन, एक लंगडी ओदलीन. तुला काय म्हणायचं? कुठली तू?"

तिनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. मला वाटलं, थंडीनं जीभ आखडलीय.

"लोर्वाल," ती म्हणाली.

"मग तू लोर्वालकरीण. चल आत, चुलीपाशी बस."

आमच्यात नावं थोडी आणि माणसं फार. कुणाला धंद्यावरून ओळखायचं, कुणाला खोडीवरून, कुणाला गावावरून. माझं नाव पेरोनेल, पण नवरा पिकार्डीचा म्हणून मला सगळे पिकार्डीण म्हणतात. मी जन्मात पिकार्डी पाहिलेली नाही. तिकडचं लोणी चांगलं असतं, एवढंच ऐकून आहे.

पुढं तिचं रेनिएशी लग्न झालं. रेनिए विणलेलं कापड दाट व्हावं म्हणून ते तुडवायचा. दिवसभर टाकीतल्या घाण पाण्यात उभा, त्यामुळं पाय बाळासारखे मऊ आणि अंगाला असा वास की कुत्रंसुद्धा वळून बघायचं. पण माणूस सोन्यासारखा. त्यांना एक मुलगी झाली, माबिल. ओदलीन कांद्याच्या पातीचा रस्सा इतका छान करायची, की रेनिए म्हणायचा, "मला स्वर्गात नाही घेतलं तरी चालेल, फक्त भांडं पाठवा."

लोर्वाल आमच्यापासून दिवसभराच्या चालीवर. पण एकोणीस वर्षांत ती एकदाही तिकडं गेली नाही.

"माहेरी जावंसं वाटत नाही का गं तुला?" मी विचारायची.

"कोण आहे तिथं," ती म्हणायची आणि सूत ओढत राहायची.

रेनिए छातीच्या तापानं गेला. माबिल सतरा वर्षांची झाली आणि पलीकडच्या चांभाराच्या एव्हरारशी तिचं जमलं. मुलगा कामसू, बोलायला लाजरा, पण माबिल दिसली की याच्या हातातलं कातडं ओढ्यात पडायचं. त्याची आई जिलेत जरा तोंडाळ. ती म्हणाली, "तुडव्याची पोर नि चांभाराचा पोर. दोघांची नाकं आधीच तयार आहेत, संसार सुखाचा होणार."

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळावी. पाद्रीबाबा नवीन होते. मी मेणबत्ती लावायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलीची आई ओदलीन म्हणजे कोणती? मला तीन सांगितल्या आहेत लोकांनी."

"लोर्वालची लिहा, बाबा," मी म्हटलं. अगदी ठसक्यात सांगितलं. आपली माणसं आपण नीट सांगावीत, चूक होऊ नये म्हणून.

पहिला रविवार जत्रेच्या दिवसांतला. चर्च बाहेरगावच्या लोकांनी भरलेलं. पाद्रीबाबांनी मोठ्यानं वाचलं, "कै. रेनिए तुडव्या आणि लोर्वालची ओदलीन यांची कन्या माबिल." प्रार्थना संपवून आम्ही बायका पायऱ्यांवर उभ्या होतो, तेवढ्यात निळी टोपी घातलेला एक गृहस्थ हसत हसत आला.

"बाई, तुम्ही लोर्वालच्या? वा! मीही तिथलाच. परक्या ठिकाणी आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं. ते विहिरीवरचं झाड आठवतं ना? परवा पाडलं बघा."

ओदलीन डोक्यावरचं फडकं सारखं करत राहिली. गल्लीतल्या सहाजणी ऐकत होतो. एकोणीस वर्षं जिला लोर्वालकरीण म्हणतोय तिला लोर्वालची विहीर ठाऊक नसावी? मीच तिला कोपरानं ढोसलं. "अगं बोल की."

"अक्रोडाचं?" ती म्हणाली. "विहिरीच्या डाव्या अंगाचं?"

"तेच," गृहस्थ म्हणाला. त्याचं हसू गेलं. "पाडलेलं नाही. आहे अजून."

तो लोर्वालच्या धन्याचा कारभारी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिलेत माझ्या दारात. हातात अर्धवट सोललेला मुळा, इतकी घाईत आलेली.

"पिकार्डीणबाई, तुमची मैत्रीण बांधील निघाली की! कारभाऱ्यानं शहराच्या पंचांकडं दावा लावलाय. माय-लेकी दोघी लोर्वालच्या धन्याच्या मालकीच्या, त्याच्या जमिनीला बांधलेल्या म्हणतोय."

"काहीतरीच काय! वर्ष आणि एक दिवस शहरात राहिलं की माणूस मोकळं होतं. हिला तर एकोणीस झाली."

"ते सगळ्या गावांचं. लोर्वालचं नाही. त्या धन्याचा आणि आपल्या काउंटसाहेबांचा करार आहे म्हणे, एकमेकांची माणसं ठेवून घ्यायची नाहीत. शंभर गावं पडलीत मुलखात, हिला नेमकं तेच सापडलं जन्माला यायला?"

"माबिल इथं जन्मली. तिचा बाप मोकळा होता."

"बापाला कोण विचारतो? आईचं पोट बांधील तर पोर बांधील. उद्या तिला मुलं झाली की तीही बांधील. माझी नातवंडं लोर्वालला डुकरं राखायला धाडू? मला माबिल आवडते हो. खरंच आवडते. पण हे नाही जमायचं." असं म्हणून ती रडली आणि मुळा माझ्या चौकटीवर विसरून गेली.

चार आठवड्यांनी सुनावणी ठेवली. तोवर लग्न थांबलं.

ओदलीन मला सापडली ती धुण्याच्या घाटावर. नुसती एकच चादर धोपटत होती, कधीचीच स्वच्छ झालेली.

"पेरोने," ती वर न बघता म्हणाली, "मी लोर्वालची नाही."

मला वाटलं, भीतीनं डोकं फिरलंय.

"मी व्हिलनव्हची. एल्मच्या झाडांचं व्हिलनव्ह, दोन दिवसांच्या वाटेवर. जंगल तोडून वसवलेलं गाव आहे, तिथं सगळी माणसं मोकळी. माझा बाप मोकळा, आई मोकळी."

"मग सांग की बये पंचांना! आत्ताच्या आत्ता ऊठ!"

"तिथं माझा नवरा आहे."

मी तिच्या हातातलं धोपटणं काढून घेतलं आणि खाली ठेवलं.

"ह्युएत त्याचं नाव. वाईट नव्हता. मारायचा एखाद्या वेळी, सगळेच मारतात. दोन मुलं मेलेली जन्मली. सासू रोज जेवायला वाढताना म्हणायची, 'खा, खा, रिकाम्या पोत्याला भरून काय उपयोग.' रोज. एका सकाळी सरपणाला गेले आणि चालतच राहिले. ओढा ओलांडताना एक बूट चिखलात रुतला, तो काढायलासुद्धा थांबले नाही. लोर्वालला विहिरीवर पाणी प्यायले. एका म्हाताऱ्याला गावाचं नाव विचारलं, कशाला विचारलं कोण जाणे. आणि तू मला विचारलंस तेव्हा तेवढंच तोंडात आलं. व्हिलनव्ह म्हटलं असतं तर कुठलं व्हिलनव्ह, कुणाची कोण, सगळं निघालं असतं."

"रेनिएला माहीत होतं?"

"नाही. तो म्हणायचा, लोर्वालला नेऊन आण एकदा मला, जावयाचा मान बघू दे." ती हसली आणि मग तिला हसू थांबवता येईना. "पहिला नवरा जिवंत असताना केलेलं लग्न, पेरोने. ते उघडं पडलं तर माबिल कोण? रेनिएची मुलगी तरी उरेल का ती? इकडून बांधील, तिकडून अनौरस."

आम्ही एक बेत केला. तिच्या जन्मगावचे दोन साक्षीदार पंचांसमोर उभे राहायला हवेत, एवढाच नियम होता. ही इथं जन्मली, मोकळ्या आईबापांची, एवढंच त्यांनी शपथेवर सांगायचं. लग्नाचा विषयच काढायचा नाही. ती स्वतः जाऊ शकत नव्हती, म्हणून मी निघाले. नवऱ्याला सांगितलं, संताच्या अस्थींपाशी नवस फेडायला चाललेय.

"कसला नवस?" तो म्हणाला.

"तू कमी प्रश्न विचारावेस म्हणून केलेला," मी म्हटलं.

व्हिलनव्ह म्हणजे नुसतं नवं गाव. असली नवी गावं वाटेत आणखी दोन लागली. एल्मची झाडं असलेलं तिसरं. वेशीपाशी पाणी मागायला थांबले, तर ते घर नेमकं ह्युएतचं निघालं. तो अंगणात बसून काठ्यांचं कुंपण विणत होता. रुंद खांद्यांचा, केस पिकलेला, शांत माणूस. त्याची बायको बेर्त शेंगा सोलत होती. आजूबाजूला पाच पोरं, मोठा मिसरूड फुटलेला, धाकटी रांगणारी.

मला आधी दुसऱ्या कुणाकडं जायचं होतं. पण खेड्यात परकी बाई आली की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी प्यायच्या आत चार बायका भोवती जमल्या आणि एका म्हातारीला मी हळूच विचारलं, ओदलीन म्हणून कुणी इथली होती का.

"होती की, बिचारी," म्हातारी म्हणाली. "लांडग्यांनी खाल्ली. या ह्युएतचीच पहिली."

"ओढ्यात बूट सापडला तिचा," दुसरी म्हणाली. "नुसता बूट. चर्चमध्ये पेटीत ठेवून पुरला. माणसाला पुरायचं तर काहीतरी लागतंच ना."

बेर्तनं शेंगांची परडी बाजूला ठेवली. "आम्ही दरवर्षी तिच्यासाठी प्रार्थना म्हणवून घेतो. मीच आठवण करते याला. माझ्या आधीची होती, तिचं केलंच पाहिजे." बाई खरी होती. सांगताना तिच्या तोंडावर जराही कडूपणा नव्हता. तिनं मला रस्सा दिला, भाकरीचा तुकडा दिला, वर रांगणारी पोर माझ्या मांडीवर दिली.

ह्युएत माझ्याकडं बघत राहिला होता. निघताना तो कुंपणापर्यंत सोडायला आला.

"कुठून आलात तुम्ही?"

"त्रुआहून."

तो बराच वेळ हातातली काठी वाकवत राहिला. मग म्हणाला, "थंडीत तिचा उजवा कान दुखायचा. अजून दुखतो का?"

"दुखतो," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगून टाकलं. सुनावणी, लोर्वाल, माबिल. दोन माणसं हवीत, बाकी कुणाला काही कळणार नाही.

"त्या बुटावर मी दुसरं लग्न केलंय, बाई," तो म्हणाला. "पाद्रीबाबांनी बूट बघितला, मग परवानगी दिली. त्रुआला जाऊन कुणी शपथेवर सांगितलं की ओदलीन आहे, तर बेर्त माझी कोण? आणि ही पाच? कळणार नाही म्हणता. माझ्या गावातल्या दोघांनी शपथ घ्यायची आणि गावाला कळायचं नाही?"

"ती जिवंत आहे. तिची पोर डुकरांत जाईल."

"एकीसाठी पाचांचं वाटोळं करू?" तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. "तिला सांगा, मी रागावलेलो नाही. माझी आई मेली तेव्हा मलाही कळलं, ती का गेली असेल."

मी गावच्या पाद्र्याकडं गेले नाही. म्हातारीकडंही परत गेले नाही. मी काय सांगणार होते? पोर मघाशी माझ्या मांडीवर झोपली होती, तिचा ऊबदारपणा अजून झग्याला होता.

परत आले तेव्हा ओदलीननं माझं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. ह्युएत रागावलेला नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "हे बरं झालं," आणि चुलीवरचं भांडं उतरवलं.

सुनावणीला मला साक्षीला बोलावलं. कारभाऱ्यानंच बोलावलं. शपथ घ्यायला संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला. थंडगार होती.

"हिला लोर्वालची म्हणायला कोणी सुरुवात केली?"

"मी."

"तुमच्या मनानं?"

"नाही. तिनं सांगितलं म्हणून."

"तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं?"

मी ओदलीनकडं पाहिलं. आदल्या दिवशी तिनं मला बजावलं होतं, "साक्षीदाराशिवाय व्हिलनव्ह म्हणशील तर कुणी मानणार नाही, आणि माझ्या पोरीला मात्र जन्मभर बोल लागेल." ती पंचांच्या मागच्या भिंतीकडं बघत होती.

"हो," मी म्हटलं. एकही शब्द खोटा नव्हता.

मग कारभाऱ्यानं विहिरीवरच्या झाडाची गोष्ट सांगितली. पायऱ्यांवरच्या सहाजणींपैकी जिलेतला विचारलं. तिनंही मान हलवली. पंचांतला एक म्हातारा ओदलीनला म्हणाला, "बाई, तू लोर्वालची नसशील तर दुसऱ्या गावाचं नाव सांग. आम्ही ऐकून घेऊ." चांगला माणूस होता. त्याला खरंच ऐकायचं होतं. ती भिंतीकडंच बघत राहिली. निकाल कारभाऱ्याच्या बाजूनं लागला.

बाहेर आल्यावर कारभारी मला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, बाई. म्हातारीचं आम्हाला काय करायचंय? आमच्याकडं पोरी कमी पडताहेत."

निघायच्या दिवशी माबिल आईशी बोलत नव्हती. गाठोडं बांधताना एकदाच फाडकन म्हणाली, "बांधील होतीस, तर आधी सांगायचं होतंस. मी एव्हरारकडं बघितलंच नसतं. खोटारडी!" ओदलीननं भांडी पेंढ्यात गुंडाळली. "हो, चुकलं माझं," म्हणाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, ही खोटारडी आहे, पण तू म्हणतेस तशी नाही. मी जीभ चावून उभी राहिले. एव्हरार ओढ्याच्या पलीकडं कातडी धूत होता. त्यानं वर बघितलं नाही. त्याची आई दारात उभी होती ना.

पुढच्या उन्हाळ्यात मी लोर्वालला गेले. गावाच्या तोंडाशी एका बाईला विचारलं, ओदलीन कुठं राहते. कोणती ओदलीन हे सांगायला माझ्या जिभेवर जुनं नाव आलं होतं, पण इथं ते कसं चालणार? इथं सगळ्याच लोर्वालच्या.

"त्रुआकरीण होय?" ती बाई म्हणाली. "ती काय, डुकरांच्या वाड्याशेजारी. गावात कुणाची कुणी नाही ती. कारभाऱ्यानं आणून ठेवलीय."

माबिलचं लग्न धन्यानं त्याच्या डुकरं राखणाऱ्याशी लावून दिलं होतं. तो कामावर गेला होता. ओदलीन उकिरड्यापाशी कोबी खुडत होती. मला बघून हात झग्याला पुसले, मिठी मारली, माझा बूट झिजलाय म्हणाली. कानाला फडकं बांधलं होतं. मी आणलेलं लोणी तिनं सावलीत ठेवलं आणि पाणी आणायला गेली.

माबिल दारातून बाहेर आली. सातवा महिना असावा. ती अजून घरात आईशी कामापुरतंच बोलते, हे मला दोन वाक्यांत कळलं.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही आईला सगळ्यांत आधीपासून ओळखता."

"हो."

"आई इथं जन्मली, वाढली म्हणतात. मग इथली एकसुद्धा म्हातारी तिला ओळखत कशी नाही? आईला चर्चचं मागलं दार कुठं आहे, हे मला विचारावं लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणतो, धन्याच्या यादीत नाव आहे ना, मग झालं." तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं रोखून बघत राहिली. "ती कुठली आहे, मावशी?"

ओदलीन वाटेवरून येताना दिसत होती, घागरीनं एका बाजूला झुकलेली. खरं सांगितलं असतं तरी पोटातलं पोर बांधीलच राहणार होतं. यादीतलं नाव काही पुसलं जाणार नव्हतं. फक्त बाप हातातून गेला असता माबिलचा.

"एकोणीस वर्षं झाली गं," मी म्हटलं. "ओळखीची माणसं मरून गेली असतील."

माबिल तशीच बघत राहिली. मग तिनं पुढं होऊन आईच्या हातातली घागर घेतली आणि आत गेली.